बालगृहाच्या आधी एक खोली

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



एक मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे आणि ती सुरुवातीलाच सांगते. ज्या मुलावर अत्याचार झालेला नाही, ज्याला आईबापांनी टाकलेलं नाही, जे केवळ कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर नाही म्हणून बालकल्याण समितीपुढे उभं राहतं, त्याला बालगृहात धाडण्याआधी त्याच्या कुटुंबाला भाड्याची खोली मिळावी. त्या खोलीत नियमित येणारी-जाणारी, कुटुंबाच्या ओळखीची समाजकार्यकर्तीही मिळावी. असा आदेश समितीला देता यावा आणि त्या आदेशामागे पैसा असावा. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण या कामाला नगरविकास आणि गृहनिर्माण ही खातीही लागतील. शिवाय ज्यांच्या खोल्या भाड्याने जातात त्या साध्या माणसांपर्यंतही ही गोष्ट पोचायला हवी.

मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या कुटुंबांबरोबर मी बरीच वर्षं काम केलं. त्या कामातून एक गोष्ट मनात घट्ट बसली. या कुटुंबांमधली मुलं आईपासून तुटतात ती बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे. फोन करणारा नागरिक, मुलाला घेऊन येणारा पोलीस, सही करणारे समितीचे सदस्य, सगळे आपापल्या परीने मुलाचं भलं पाहत असतात. तरीही शेवटी आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे.

हे होतं कसं, ते आपल्याला ठाऊक आहे, वाचकांसाठी सांगते. सिग्नलवर गजरे विकणारं, पुलाखाली झोपणारं, धाकट्या भावाला कडेवर घेऊन फलाटावर हिंडणारं मूल कुणाच्या तरी नजरेस पडतं. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन जातो, किंवा मोहीम निघते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे चोवीस तासांत मुलाला समितीपुढे आणावं लागतं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक कुणाला म्हणायचं, याची यादी त्या कायद्याच्या कलम २ मध्ये आहे. यादीत सर्वांत आधी येतं ते घर किंवा राहण्याचं ठरावीक ठिकाण नसलेलं आणि उपजीविकेचं साधन दिसत नसलेलं मूल. पाठोपाठ रस्त्यावर राहणारं, भीक मागताना सापडलेलं मूल येतं. मारहाण झालेलं, टाकून दिलेलं, विक्रीच्या धोक्यात असलेलं मूल त्यानंतर. ही सगळी मुलं एकाच दारातून आत येतात आणि पुष्कळदा एकाच वाटेने पुढे पाठवली जातात.

समिती चौकशी सांगते. अधिकारी गृहचौकशीला निघतात, तर पत्ता असतो उड्डाणपुलाच्या अमुक खांबाजवळचा. अहवालात राहण्याची योग्य व्यवस्था नसल्याची नोंद होते. नोंद खरीच असते. आईला सांगितलं जातं, राहायची सोय कर, पुरावा आण आणि मूल घेऊन जा. ती ‘हो साहेब’ म्हणून बाहेर पडते. पुढचे काही महिने तिच्यापुढे रोज एकच हिशेब असतो. आज नाक्यावर कामाला उभं राहायचं की बालगृहात भेटीला जायचं? भेटीला गेलं तर रोजगार बुडतो आणि रोजगार बुडाला तर खोली आणखी लांब जाते. भेटी कमी झाल्या की कागदावर पालक रस घेत नाहीत असं दिसू लागतं. धाकटं मूल असेल तर मधल्या काळात ते आईला बिचकायला लागतं. हे पाहिलेल्या कुणालाही ते विसरता येत नाही.

समितीच्या सदस्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे पर्याय असतात ते मूल पालकांकडे परत देण्याचे, नातेवाइकांकडे सोपवण्याचे, संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे देण्याचे, आर्थिक साहाय्याचे आणि बालगृहाचे. आठ वर्षांच्या मुलीला रात्री नऊ वाजता परत पुलाखाली पाठवण्याची जबाबदारी कोण घेईल? त्यांच्या जागी मी असते तरी बालगृहाच्या आदेशावरच सही केली असती. हवा तो पर्याय टेबलावर नसतो, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याचा हेतू मात्र स्वच्छ आहे. याच अधिनियमाचं कलम ३ सांगतं की मुलाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा सर्वांत शेवटचा उपाय. मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. केवळ गरिबी किंवा गरिबीतून थेट आलेली परिस्थिती हे मूल आईबापांपासून काढून घेण्याचं एकमेव कारण कधीच असू नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. घर नसणं ही गरिबीतून थेट आलेली परिस्थिती नाही, तर दुसरं काय?

आपल्या खात्याच्या दोन योजना इथे कुणी पुढे करेल. त्या चांगल्या आहेत, पण या गाठीपर्यंत पोचत नाहीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. या रकमेत शाळा, दूध, औषध होतं. ज्यांना घर आहे त्यांना ही मदत तारून नेते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण पदपथावरची बाई मानखुर्द-गोवंडीच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली पाहायला जाते, तेव्हा ती महिन्याच्या भाड्याआधी डिपॉझिटपाशी अडते. मालक एकरकमी डिपॉझिट मागतो, एजंट त्याची दलाली मागतो, अकरा महिन्यांच्या कराराला आणि पोलीस पडताळणीला कागद लागतात. दर महिन्याला खात्यात पडणारी मदत कितीही नियमित असली तरी त्या पहिल्या दिवसाची रक्कम तिच्यातून उभी राहत नाही. ती पारधी समाजाची असेल तर नाव ऐकूनच दार बंद होतं. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला, पण घरमालकांच्या मनातून तो अजून गेलेला नाही.

ज्यांच्या नावाची ही बालसंगोपन योजना आहे, त्यांनी स्वतः काय केलं होतं? १८६३ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या, लोकलाजेने मरणाच्या दारात पोचलेल्या विधवांसाठी ते होतं. तिथे मूल आत आणि आई बाहेर असा नियम नव्हता. बाईने यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा घेऊन जावं, हे तिचं तिने ठरवावं. काशीबाई नावाच्या अशाच एका मातेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवेत राबला. बाईला आधी छप्पर द्या, सोबत माणूस द्या आणि मुलाचं काय करायचं हे तिच्यावर सोपवा, ही रीत महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाली आहे. परदेशातून आणावी लागेल अशी ती नाही.

इथे थोडं थांबून आपल्या समाजाच्या एका भाबड्या समजुतीविषयी बोलायला हवं. महाराष्ट्राला वसतिगृहांचा मोठा वारसा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. त्या बोर्डिंगांतून आलेल्या पिढ्यांनी हा प्रांत घडवला. त्यामुळे मूल संस्थेत गेलं म्हणजे मार्गी लागलं, असं आपल्याला आपोआप वाटतं. बालगृहाचं नाव ऐकलं की देणगीदाराचा हात सैल सुटतो. खोलीच्या भाड्यासाठी तोच हात आखडतो. पण बोर्डिंगात मुलाला बापाने स्वतः नेऊन सोडलेलं असायचं आणि दिवाळीला, उन्हाळ्याला ते घरी यायचं. त्याला परतायला घर होतं. बालगृहातल्या या मुलाला सुट्टीत जायला जागा नाही आणि त्याची आई त्याला सोडून आलेली नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपण फार दिवस केली आहे.

बेघरांसाठी निवारे आहेत ना, असंही विचारलं जाईल. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष असा होता, की शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. त्याच जनगणनेत या शहरात ५७ हजारांहून अधिक माणसं बेघर मोजली गेली. रात्री पदपथावर काम केलेला कुणीही सांगेल की मोजणी करणारे पोचले नाहीत अशा जागा भरपूर होत्या. निवाऱ्यांची संख्या निकषाच्या जवळपासही नाही. जे आहेत त्यांत पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. नवरा, बायको आणि तीन मुलं असं कुटुंब एकत्र राहू शकेल असा निवारा शोधायला निघालं की पाय दुखतात. संकटात सापडलेल्या बायकांसाठीच्या शक्ती सदनात मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला आईबरोबर राहता येत नाही. म्हणजे जी आई घर सोडून तिथे आधाराला येते, तिला थोरल्याला कुठे ठेवायचं ते आधी ठरवावं लागतं.

ब्रिटनमध्ये १९६६ साली बीबीसीने ‘कॅथी कम होम’ हे केन लोच दिग्दर्शित दूरचित्रवाणी नाटक दाखवलं. घर गमावलेलं एक साधं कुटुंब निवाऱ्यातून निवाऱ्यात ढकललं जातं. तिथे नवऱ्याला बायकोबरोबर राहू देत नाहीत. अखेर रेल्वे स्थानकावर सरकारी माणसं आईच्या हातून मुलं काढून नेतात. सारा देश हादरला. त्याच वर्षी ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी झगडणारी संस्था सुरू झाली आणि आजही ती काम करते. तो धक्का बसला, कारण लोकांच्या लक्षात आलं की त्या आईचा गुन्हा काहीच नव्हता.

अमेरिकेत या प्रश्नावर न्यायालयातून वाट निघाली. इलिनॉय राज्यात गरिबीमुळे मुलं काढून घेतलेल्या पालकांच्या वतीने ‘नॉर्मन’ नावाने ओळखला जाणारा खटला चालला. १९९१ मध्ये झालेल्या तडजोडीच्या हुकुमानुसार, घर नसणं हेच कारण असेल तर राज्याच्या बालकल्याण खात्याने अशा कुटुंबाला रोख मदत द्यायची आणि घर शोधायला माणूस द्यायचा, असं ठरलं. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, पलंग, शेगडी असल्या गोष्टींसाठी बालकल्याण खात्यानेच पैसा द्यायचा! त्याच सुमारास, १९९० मध्ये, तिथल्या संसदेने एक कार्यक्रम मंजूर केला. केवळ घराअभावी ज्यांची मुलं सरकारी संगोपनात जाणार आहेत किंवा तिथून परत येऊ शकत नाहीत, अशा कुटुंबांना त्यात भाड्याचं अनुदान मिळतं. ते गृहनिर्माण यंत्रणा आणि बालकल्याण यंत्रणा यांनी मिळून द्यायचं असतं. दोन खात्यांना एका टेबलाशी बसवणारा तो कायदा आहे आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

पुढे २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये याहून अवघड कुटुंबं निवडून एक प्रयोग झाला. व्यसन, मानसिक आजार, वर्षानुवर्षं बेघर अवस्था आणि बालकल्याण यंत्रणेची उघडी प्रकरणं असलेली २९ कुटुंबं त्यात घेतली. त्यांना कायमचं घर दिलं आणि इमारतीतच मदतीला माणसं ठेवली. त्यातून जे शिकायला मिळालं त्यावरून तिथल्या केंद्र सरकारने २०१२ मध्ये पाच ठिकाणी मोठा प्रयोग हाती घेतला. कुटुंबं घरात टिकली, हा परिणाम ठळक दिसला. मुलं परत येण्याच्या बाबतीत निकाल सगळीकडे सारखा नव्हता, हेही इथेच सांगते, कारण मला आपल्यापुढे चमत्कार विकायचा नाही. पण दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात, १२ ठिकाणच्या २,२८२ बेघर कुटुंबांना वेगवेगळ्या प्रकारची मदत देऊन पाहिली, तेव्हा दीर्घकाळ भाड्याचं अनुदान मिळालेल्या कुटुंबांत मुलं आईबापांपासून तुटण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं. मला यातून कळतं ते असं. ज्या कुटुंबाची अडचण मुळात घराची आहे, त्याला घर दिल्याने मूल वाचतं. ज्याची अडचण घराबरोबर दारू, मारहाण, आजारपण अशी गुंतलेली आहे, त्याला घराबरोबर माणूस आणि वेळ, दोन्ही लागतात. म्हणून मागणीत खोली आणि समाजकार्यकर्ती, दोन्ही एकत्र मागितल्या आहेत.

खोलीचं भाडं सरकारने कसं द्यायचं, हा प्रश्न मुंबईत विचारावा लागू नये. झोपडपट्टी पुनर्वसनात इमारत उभी राहीपर्यंत विकासक कुटुंबांना संक्रमण काळाचं भाडं देतो. हजारो घरांचे संसार त्यावर चालले आहेत. घरं पाडल्यावर पुनर्वसन म्हणून माहुलच्या प्रदूषणात ढकललेल्या कुटुंबांना तिथून बाहेर पडता यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचे आदेश दिले होते. प्रकल्पामुळे घर गेलं तर भाडं द्यायचं असतं, हे या शहराला मान्य आहे. मूल आईपासून जातं आहे, एवढं कारण त्याला पुरेसं का नसावं?

माहुलचं नाव काढलंच आहे, तर एक विनंती. या कुटुंबांना शहराच्या टोकाच्या रिकाम्या इमारतींमध्ये एकगठ्ठा नेऊन ठेवू नका. १९८१ मध्ये मुंबईच्या पदपथांवरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली आणि तिच्याविरुद्धचा ओल्गा टेलिस खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि माणसं पदपथावर राहतात ती कामाच्या जवळ राहता यावं म्हणून. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथवासीयांची पाहणी केली, तीही हेच सांगत होती. भायखळ्याच्या पदपथावरच्या ज्या बायकांनी पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली, त्यांनी घराचे आराखडे स्वतः काढले, पै पै साठवली. या बायकांना संसार शिकवावा लागत नाही. पदपथाच्या चार हात जागेत भांडी लखलखीत ठेवणाऱ्या, पोर शाळेत धाडण्याआधी त्याचा भांग पाडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना नाक्यापासून, मंडईपासून, धुण्याभांड्याच्या घरांपासून चालत जाता येईल अशी खोली हवी. कामापासून दोन तासांवरची खोली बाई चार महिन्यांत सोडून परत पुलाखाली येईल आणि मग आपल्याच कागदावर लिहिलं जाईल की दिलेलं घर तिने टिकवलं नाही.

आता समाजकार्यकर्तीच्या कामाविषयी. तिला देखरेखीचं काम देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती. पहिले काही आठवडे तर रेशनकार्डावर नाव चढवणं, आधार कार्डाचा पत्ता बदलणं, जवळच्या शाळेत दाखला नसताना प्रवेश मिळवणं, मालकाशी आणि शेजाऱ्यांशी ओळख करून देणं यातच जातात. पाण्याच्या वेळा, सामाईक संडास, वीजबिल, हे सगळं नवं असतं. बाहेरच्या माणसाला सुचणार नाही अशी एक अडचण मात्र लवकरच समोर येते. पदपथावर आई कामाला गेली तरी मुलांवर दहा शेजारणींची नजर असते. बंद दाराच्या खोलीत ती नजर नसते. नवी खोली मिळालेली आई पहिल्यांदा विचारते ते हेच, की मी कामाला गेले तर पोरांकडे कोण पाहणार? म्हणून पाळणाघर किंवा दिवसभर चालणारी अंगणवाडी खोलीपासून हाकेच्या अंतरावर नसेल, तर खोली असूनही मूल पुन्हा समितीपुढे येईल. नवऱ्याचं पिणं, क्षयाची औषधं अर्ध्यात सोडणं, गावाकडच्या कर्जाचा तगादा, या गोष्टी हळूहळू उलगडतात आणि ज्या बाईवर विश्वास बसला आहे तिच्यापाशीच उलगडतात. कार्यकर्ती दर सहा महिन्यांनी बदलली तर तो विश्वास बसणार नाही. तिला कंत्राटाच्या दोरीला टांगून ठेवू नका. तिच्याकडे पंधरा-वीसपेक्षा जास्त कुटुंबं देऊ नका. आणि तिने पुढे केलेली मदत कुटुंबाने नाकारली म्हणून खोली काढून घेतली जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी कुटुंबाला सांगा.

काही आक्षेप येतीलच. ज्या घरात मुलाला मारलं जातं, त्याच्यावर अत्याचार होतो, तिथे त्याला परत पाठवायचं का? नाही. तिथे समितीने मूल बाजूला काढलंच पाहिजे आणि बालगृहं त्या मुलांसाठी राखीव, चांगली, कमी गर्दीची असली पाहिजेत. केवळ बेघर म्हणून आलेली मुलं तिथून कमी झाली, तर खऱ्या संकटातल्या मुलांना तिथल्या माणसांचा वेळ मिळेल. खोली मिळते म्हटल्यावर लोक मुद्दाम पदपथावर येतील, अशीही भीती काहींना वाटते. ज्यांनी पावसाळ्याची एक रात्र पदपथावर काढली आहे, ते ही भीती बोलून दाखवणार नाहीत. आणि पैशाचं म्हणाल, तर बालगृहातल्या एका मुलामागे इमारत, जेवण, पगार, वैद्यकीय खर्च आणि देखरेख असा खर्च सरकार आजही करतं. तीन भावंडं असतील तर तो तिपटीने होतो. खोलीचं भाडं मात्र तिघांना मिळून एकच असतं.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ४५ प्रायोजकत्वाच्या कार्यक्रमांचे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला देतं आणि मुलाच्या वैद्यकीय, आहार, शिक्षण व इतर गरजांसाठी कुटुंबाला पूरक मदत देता येईल असं म्हणतं. त्या इतर गरजांमध्ये निवाऱ्याचं भाडं आणि अनामत यांचा स्पष्ट उल्लेख करणारा शासन निर्णय आपल्या खात्याला काढता येतो. गृहनिर्माणाच्या बाजूने केंद्राने २०२० मध्ये स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हा सरकारने भाड्याच्या घरांकडे पाहावं हे तत्त्व मान्य झालंच आहे. दोन्ही खात्यांचा निधी एकत्र आणायला एक सचिव पातळीची बैठक पुरेल.

माझी विनंती मुंबई शहर, मुंबई उपनगर आणि पुणे या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करण्याची आहे. भाडेकरार जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाच्या किंवा नेमलेल्या संस्थेच्या नावे व्हावा, म्हणजे आईच्या कागदपत्रांवाचून काम अडणार नाही आणि मालकालाही भाड्याची खात्री राहील. अनामत सरकारने भरावी, करार संपला की ती सरकारकडे परत यावी. भाडं पहिली दोन वर्षं पूर्ण द्यावं, मग कुटुंबाच्या कमाईप्रमाणे त्याचा वाटा वाढवत न्यावा; ठरावीक तारखेला ते एकदम बंद करू नये. रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला, पंधरा वर्षांचं वास्तव्य असल्या अटी दारात ठेवू नयेत. पारधी, डवरी गोसावी, वैदू अशा भटक्या-विमुक्त कुटुंबांना या अटी पहिल्या पावलालाच बाहेर काढतात. कुटुंबात बाप असेल तर तोही त्याच खोलीत राहील आणि बारा वर्षांचा मुलगाही, हे नियमात लिहावं.

योजनेला वेळ लागणार असेल, तर दोन गोष्टी याच महिन्यात करता येतील. कुटुंब असलेल्या मुलाला संस्थेत पाठवण्याच्या प्रत्येक आदेशात, कुटुंबाच्या निवाऱ्यासाठी काय प्रयत्न झाले आणि ते का पुरे पडले नाहीत, हे समितीने लेखी नोंदवावं, असं परिपत्रक आपण काढू शकता. आणि राज्यातल्या बालगृहांत आज असलेल्या मुलांपैकी किती जण केवळ घर नसल्यामुळे तिथे आहेत आणि त्यांपैकी किती जणांचे आईवडील भेटीला येतात, याची मोजणी मागवू शकता. ती माहिती अधीक्षकांच्या रजिस्टरांत आहे. ती एकत्र मात्र कुणी केलेली नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या मांडताना हा आकडा आपल्या हातात असेल, तर किती खोल्यांचं भाडं मागायचं हे आपल्याला नेमकं सांगता येईल. ही मोजणी करायला क्षेत्रावरचे जुने कार्यकर्ते मिळून मदत करतील, आणि मीही त्यांच्यात असेन.

आपली विश्वासू,
मुंबईच्या पदपथांवर काम केलेली एक समाजकार्यकर्ती